'इकडे या' म्हणण्याआधी : विकेंद्रित माध्यमांच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
मॅस्टोडॉन, मेट्रिक्स, नॉस्टर, ब्लूस्काय या विकेंद्रित, म्हणजे एकाच मालकाऐवजी अनेकांच्या सर्व्हरांवर चालतील अशा बेताच्या माध्यमांचे सर्व्हर चालवणारी, त्यांच्यासाठी कोड लिहिणारी आणि त्यांचा हिरिरीने प्रचार करणारी मराठी मंडळी, मुक्काम पुणे, मुंबई, पणजी, बंगळूर, सिंगापूर किंवा जिथे असाल तिथे.

स. न. वि. वि.

वेइबो या ट्विटरसारख्या चिनी माध्यमावर काही मोठं पुसलं गेल्याची बातमी आली की आपल्यातलं कुणी ना कुणी लगेच लिहितं, "चिनी मित्रांनो, आमच्याकडे या, इथे कुणी काही पुसू शकत नाही." हेतूबद्दल शंका नाही. पण वाक्य अर्धवट आहे, आणि उरलेलं अर्धं ठाऊक नसेल तर मान अडकते ती येणाऱ्याची, बोलावणाऱ्याची नाही. पुसलं न जाणं वेगळं आणि पकडलं न जाणं वेगळं. चीनमधल्या माणसाला आधी दुसरं हवं असतं. आपली सॉफ्टवेअर मात्र बरीचशी पहिल्याच्या अभिमानावर उभी आहेत.

प्रचारात हमखास येणारं उदाहरण घ्या. एप्रिल २०१८मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या य्वे शिन या विद्यार्थिनीने वीस वर्षांपूर्वीच्या एका लैंगिक अत्याचार प्रकरणाची माहिती विद्यापीठाकडे मागितली. त्यावरून तिच्यावर आलेल्या दबावाबद्दल तिने खुलं पत्र लिहिलं आणि ते चिनी माध्यमांवरून भराभर पुसलं गेलं. २३ एप्रिलला कुणीतरी इथेरियमवर, म्हणजे एकदा केलेली नोंद पुसता न येणाऱ्या सार्वजनिक खातेवहीत, शून्य रकमेचा एक व्यवहार केला आणि त्याच्या डेटाच्या रकान्यात अख्खं पत्र घातलं. खर्च सुमारे अर्धा डॉलर. काळ्या दगडावरची रेघ झाली, आजही वाचता येते. ही अर्धी गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. उरलेली अर्धी अशी, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कामगारांच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायला ग्वांगडोंगला गेली असताना, पोलिसांनी तिला ताब्यात घेतलं. निमित्त पत्राचं नव्हतं, वेगळं होतं. पण पत्र अमर झाल्याने लिहिणारीला कवडीचंही संरक्षण मिळालं नाही.

तसंच टर्मिनस २०४९चं. पुसलेले चिनी लेख गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड ठेवायच्या साइटवर जपणारा हा प्रकल्प. गिटहब बंद करणं चीनला परवडत नाही, कारण तिथल्या प्रोग्रामरांचं कामच अडतं. म्हणून जागा हुशारीने निवडली होती. पण १९ एप्रिल २०२० रोजी चन मेइ आणि त्साय वेइ या दोन कार्यकर्त्यांना पकडण्यात आलं, आणि ऑगस्ट २०२१मध्ये 'भांडण उकरून गोंधळ माजवल्या'च्या गुन्ह्याखाली प्रत्येकी १५ महिन्यांची शिक्षा झाली.

खरी गोम कुठे आहे ते समजायला तिकडचं यंत्र कसं चालतं ते बघायला हवं. बाहेरून बघणारे फायरवॉलवर, म्हणजे परदेशी साइट अडवणाऱ्या सरकारी भिंतीवर, बोट ठेवतात. आतल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात फायरवॉलपेक्षा फोन नंबर जड असतो. जून २०१७पासून लागू झालेल्या सायबर सुरक्षा कायद्यानुसार खऱ्या ओळखीशिवाय कंपनीने सेवा द्यायची नाही. ही ओळख म्हणजे व्यवहारात मोबाइल नंबर. आणि १ डिसेंबर २०१९पासून नवं सिम घ्यायचं तर दुकानात चेहरा स्कॅन करून द्यावा लागतो. खातं बंद पडलं की तिकडचे लोक म्हणतात 'खातं उडालं', आणि नवं काढलं की त्याला चक्क 'पुनर्जन्म' म्हणतात. पण पुनर्जन्मालाही सिम लागतं.

पुसण्याचं काम सरकार स्वतः करत नाही, ते कंपनीला दंड करतं. २०२१च्या जानेवारी ते नोव्हेंबर या काळात वेइबोवर ४४ वेळा कारवाई झाली, एकूण दंड १ कोटी ४३ लाख युआन. दोउबान या पुस्तकं-सिनेमांवर गप्पा मारणाऱ्यांच्या साइटवर २० वेळा, ९० लाख युआन. मग कंपनीच स्वतःच्या खर्चाने पहारेकरी नेमते. कमी कापलं तर दंड, जास्त कापलं तर कुणी विचारत नाही. हात कुठे झुकेल ते उघड आहे. शिवाय कापण्याचे प्रकार अनेक. पोस्ट पुसली जाते तेव्हा निदान कळतं तरी. 'फक्त स्वतःला दिसेल' अशी केली की लिहिणाऱ्याला ती जागच्या जागी दिसते आणि त्याला वाटतं, लोकांनी दुर्लक्ष केलं. वीचॅट या निरोपांच्या चिनी ॲपवर तर संदेश सर्व्हरवरच गिळला जातो; पाठवणाऱ्याच्या पडद्यावर तो गेलेला असतो, घेणाऱ्याकडे कधी येतच नाही. टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने दाखवलं आहे की हा नियम खात्याच्या जन्माला चिकटतो: मुख्य भूमीच्या नंबरावर काढलेलं खातं पुढे परदेशी नंबरावर नेलं तरी चाळणी सुटत नाही. परदेशी नंबरावर काढलेल्या खात्यांची चित्रं आणि फाइलीही तपासल्या जातात, चिनी खात्यांसाठीची चाळणी आणखी बारीक करायला. वैद्यकीय शिक्षणासाठी किंवा व्यापारासाठी तिकडे असलेल्या आपल्या लोकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

त्यावर २०१३चा एक न्यायालयीन अर्थनिर्णय आहे. बदनामीकारक ठरलेली पोस्ट ५,००० वेळा पाहिली गेली किंवा ५०० वेळा पुढे पाठवली गेली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तुमच्या पोस्टीला मिळालेला प्रतिसाद हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा. एप्रिल २०२२पासून वेइबोवर प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याचा प्रांत किंवा देश झळकू लागला, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ५ लाखांवर अनुयायी असलेल्या बातम्या-राजकारण-अर्थकारणवाल्या खात्यांना खरं नाव दाखवायची सक्ती सुरू झाली.

या पार्श्वभूमीवर मॅस्टोडॉनची ओढ समजते. तिकडे त्याला 'छांगमावश्यांग' म्हणतात, लांब केसांचा हत्ती. दोउबानवर वारंवार कात्री चालू लागल्यावर तिथले पुष्कळ वाचनवेडे या हत्तीवर बसले. दोउबानसारखी पुस्तकांची नोंद ठेवायला निओडीबी हे फेडिव्हर्सला, म्हणजे मॅस्टोडॉनसारख्या एकमेकांशी बोलणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याला, जोडलेलं सॉफ्टवेअरही त्यातून आलं. ते काही क्रांती करायला आलेले नव्हते. फोन नंबर न देता, कुत्र्यामांजरांबद्दल, मासिक पाळीबद्दल, कंटाळवाण्या नोकरीबद्दल सरळ शब्दांत लिहिता यावं, एवढंच. आम्हाला स्वतःला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही, की आपोआप पुसण्याची सोय अशा लोकांना हवीच असते. मॅस्टोडॉनमध्ये ती एका आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीने लावता येते. आपण 'इथे काही पुसलं जात नाही' म्हणून दवंडी पिटतो, आणि ज्याला बोलावतो त्याला पुसता येणं हवं असतं.

पण हे पुसणंही कच्चं आहे, ते सांगायला हवं. पोस्ट काढली की आपला सर्व्हर ज्या-ज्या सर्व्हरांकडे ती गेली होती त्यांना 'काढा' असा निरोप धाडतो. समोरचा बंद असेल, जुनं सॉफ्टवेअर वापरत असेल किंवा मुद्दामच ऐकत नसेल, तर प्रत राहते. नॉस्टरवरही तोच मामला, तिथे पुसणं ही रिलेला, म्हणजे निरोप साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरला, केलेली निव्वळ विनंती.

आता सर्व्हर चालवणाऱ्यांनी काय करायचं, त्याकडे येतो. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात.

पहिली चूक ईमेलची. नोंदणीला फोन लागत नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि येणारा माणूस क्यूक्यू किंवा १६३ या चिनी ईमेल सेवांचा पत्ता टाकतो. तो पत्ता त्याच्या फोन नंबराला बांधलेला असतो. खातं पक्कं करायचं पत्र, पासवर्ड बदलाचं पत्र, सगळी तुमच्या सर्व्हरच्या नावानिशी चिनी कंपनीच्या डिस्कवर जाऊन बसतात. वर मॅस्टोडॉनची सवय अशी, की कुणी उल्लेख केला आणि माणूस काही काळ फिरकला नसला, की ईमेल जातं आणि त्यात पोस्टचा मजकूरही असतो. हे ईमेल-डोमेन प्रशासकाच्या पटलातून अडवा. नुसतं अडवलं तर समोरच्याला मोघम चूक दिसते आणि तो निघून जातो. म्हणून नोंदणीच्या पानावरच कारण लिहा.

दुसरी चूक प्रश्नाची. स्पॅम टाळायला आपण मंजुरीची अट ठेवतो आणि विचारतो, "इथे का यायचंय?" माणूस प्रामाणिकपणे लिहितो की वेइबोवरचं खातं अमुक विषयावर लिहिल्याने उडालं. हा कबुलीजबाब तुमच्या डेटाबेसमध्ये एका वेगळ्या तक्त्यात पडून राहतो. आवडतं पुस्तक विचारा, जवळच्या झाडाचं नाव विचारा, यंत्र नाही एवढं कळलं तरी पुरे.

तिसरी, नोंदींची. मॅस्टोडॉन आयपी पत्ते, म्हणजे सदस्य कुठून जोडला गेला ते सांगणारे इंटरनेटवरचे क्रमांक, आपणहून एक वर्ष ठेवतो. ती मुदत सेटिंगच्या फाइलीत सेकंदांत लिहिलेली असते, ती दोन-तीन दिवसांवर आणता येते. पण तेवढ्याने भागत नाही. पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेब-सर्व्हरचे लॉग, म्हणजे भेटींच्या नोंदी, निराळे, आणि डेबियन या कार्यप्रणालीवर ते रोज गुंडाळून १४ दिवस ठेवले जातात. त्यात आयपी लिहूच नये असा लॉगचा साचा करा. मग उरतात बॅकअप. डेटाबेसच्या सहा महिन्यांपूर्वीच्या प्रतीत तेव्हाचे सगळे पत्ते जसेच्या तसे असतात, आणि ती प्रत बहुधा कुठल्यातरी स्वस्त साठवणुकीत कुलपाविना पडलेली असते. बॅकअप कूटबद्ध करा, जुने खरोखर नष्ट करा. नसलेली नोंद कुणी मागून नेऊ शकत नाही.

चौथी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा गैरसमज आहे. मॅस्टोडॉनवरचा 'खासगी' संदेश कूटबद्ध नसतो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचेही प्रशासक तो वाचू शकतात. नाजूक बोलणं दुसरीकडे न्यायला सांगा. पण 'सिग्नल हे कूटबद्ध संदेशांचं ॲप घ्या' म्हणून मोकळे होऊ नका. सिग्नलच्या नोंदणीचा एसएमएस चिनी टेलिकॉमच्याच तारेतून येतो. फोन नंबर न मागणारे पर्याय, सिम्प्लेक्ससारखे, तिथे जास्त कामाचे.

अनुयायांच्या यादीचं काय होतं, ते दाखवणारं एक प्रकरण आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये उरुम्चीत आग लागून १० माणसं गेली, आणि टाळेबंदीच्या निषेधात कोरे कागद हातात धरून लोक रस्त्यावर आले. त्या दिवसांत सगळ्या चित्रफिती जमत होत्या त्या इटलीत राहणाऱ्या ली यिंग या चित्रकाराच्या ट्विटर खात्यावर, 'शिक्षक ली' या नावाने. गंमत बघा, विकेंद्रित काहीच नव्हतं, एक माणूस आणि एक कंपनी. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याने जाहीर केलं की पोलीस त्याच्या अनुयायांना गाठून चौकशी करताहेत, भीती वाटत असेल तर मला सोडा. १६ लाखांचा आकडा भराभर १४ लाखांवर आला. आता आपल्या घरात डोकवा. मॅस्टोडॉनमध्ये ही यादी लपवता येते, पण ती सेटिंग सदस्याने स्वतः शोधून बदलावी लागते, आणि पोस्ट 'आवडली' म्हणणाऱ्यांची यादी तरीही दिसतच राहते. ब्लूस्कायवर कोण कुणाच्या मागे आहे हे सगळ्या जगाला उघड, लपवायची सोयच नाही. नॉस्टरवर तीच गत. पाळतीला घाबरून वेइबो सोडणाऱ्याला तिकडे पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि मजकूर चीनबाहेर लिहिला म्हणजे सुटलो असंही नाही: मिनेसोटा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला अमेरिकेत असताना केलेल्या ट्विटांबद्दल २०१९ साली वूहानमध्ये सहा महिन्यांची कैद झाली.

फायरवॉलबद्दल थोडक्यात. सर्व्हर छोटा असेपर्यंत बरेचदा तो आतून थेट उघडतो; नाव झालं की डोमेन अडवलं जातं, आधी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, खोटं उत्तर देऊन, मग टीएलएस या कूटबद्ध जोडणीच्या सुरुवातीला उघड्यावर जाणारं नाव वाचून. मॅस्टोडॉनचं मूळ डोमेन नंतर बदलता येत नाही, बदललं तर बाकीच्या सर्व्हरांशी असलेलं नातंच तुटतं. म्हणून पर्यायी डोमेन आणि टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावरचा ओनियन पत्ता पहिल्या दिवसापासून जोडून ठेवा. टॉरमधून आणि व्हीपीएनमधून येणाऱ्यांना स्पॅमच्या भीतीने सरसकट अडवू नका. तुमचा चिनी पाहुणा त्याच दारातून येणार आहे, आणि क्लाउडफ्लेअर या साइटींपुढे पहारा देणाऱ्या सेवेचं 'तुम्ही माणूस आहात का' हे कोडं तिथेच त्याला अडवतं.

काही उत्साही मंडळी आपल्याच सर्व्हरवर फायरवॉल चुकवणारा 'गुप्त' बोगदा उघडून देतात. तो नाद सोडा. नोव्हेंबर २०२१मध्ये फायरवॉल जोडणीचं पहिलंच पाकीट, म्हणजे डेटाचा पहिला तुकडा, मोजू लागली. त्यातल्या प्रत्येक बाइटमध्ये सरासरी ३.४ ते ४.६ बिट 'एक' असले, वाचण्याजोगी अक्षरं फारशी नसली, आणि ते टीएलएस किंवा एचटीटीपी या नेहमीच्या वेब-जोडण्यांसारखं दिसत नसलं, तर जोडणी संशयित ठरे. म्हणजे सगळं व्यवस्थित विस्कटून टाकलेलं असणं हीच त्याची खूण. ही मोजणी मुख्यतः भाड्याच्या सर्व्हर कंपन्यांच्या आयपी पट्ट्यांवर चाले, जिथे आपले सगळ्यांचे सर्व्हर आहेत. हे काम रोज फायरवॉलशी झुंजणाऱ्यांवर सोपवावं.

ॲपच्या दुकानावरही भिस्त नको. नॉस्टरचं डॅमस हे ॲप फेब्रुवारी २०२३च्या सुरुवातीला ॲपलच्या दुकानात आलं आणि दोनच दिवसांत चीनमधल्या दुकानातून काढलं गेलं. एप्रिल २०२४मध्ये व्हॉट्सॲप, थ्रेड्स, सिग्नल, टेलिग्रामही गेले. मॅस्टोडॉनचं पान ब्राउझरमधून थेट फोनच्या पडद्यावर ठेवता येतं, ते शिकवा.

जतनाचं काम मात्र आपण बाहेर बसून खरोखर करू शकतो, आणि तिथे घाईत होणारी गफलत सर्वांत घातक. घाई लागतेच; २०१३च्या एका अभ्यासात वेइबोवर पुसल्या गेलेल्या पोस्टींपैकी सुमारे ९० टक्के पहिल्या २४ तासांतच गेल्या होत्या. मार्च २०२०मध्ये, करोनाचा सुरुवातीलाच इशारा देणाऱ्या वूहानच्या डॉक्टर आय फन यांची मुलाखत निघाली तीही काही तासांतच काढली गेली. वाचकांनी ती उलटी लिहून, इमोजीत, मोर्समध्ये, प्राचीन हाडांवरच्या लिपीत पुन्हापुन्हा टाकली. कल्पकता अफाट, पण हे सगळं ते आपापल्या नंबराला बांधलेल्या खात्यांवरून करत होते. ते काम बाहेरच्याने केलं तर आतल्याचा धोका तेवढा कमी.

मग वेइबोवरचं एखादं चित्र उतरवून घेताना त्याच्या फाइलीचं नाव आधी बदला. त्या नावाची पहिली आठ अक्षरं म्हणजे टाकणाऱ्याच्या खात्याचा क्रमांक असतो, साध्या गणिताने उलगडतो. नाव तसंच ठेवून तुम्ही चित्र जगभर फिरवलंत तर चित्राबरोबर टाकणाराही फिरला. पडद्याचा फोटो त्याहून वाईट: २०२२ साली उघडकीला आलं की दोउबानच्या स्क्रीनशॉटमध्ये डोळ्यांना न दिसणारा छाप असतो आणि त्यात सदस्याचा क्रमांक आणि वेळ लपलेली असते. अशा ठिकाणचा मजकूर हाताने टाइप करून घ्या, कंटाळा आला तरी. वीचॅटच्या लेखाचं पान साधं 'सेव्ह' केलंत तर चित्रांच्या जागी कोरे चौकोन मिळतात, कारण चित्रं खाली सरकल्यावरच उतरतात, आणि नंतर दुसऱ्या पानावरून मागवली तर 'परवानगीशिवाय वापर नाही' अशी पाटी येते. पान तळापर्यंत सावकाश सरकवा, मग सिंगलफाइलसारख्या साधनाने चित्रांसकट एकाच फाइलीत बंद करा. लांबलचक दुवा असेल तर बिझ, मिड, आयडीएक्स आणि एसएन हे चार तुकडे ठेवून बाकी शेपटी छाटा. तिच्यात दुवा पाठवणाऱ्याचा माग असू शकतो.

आयपीएफएसवर, म्हणजे अनेक संगणकांवर फाइली वाटून ठेवणाऱ्या जाळ्यावर, टाकलं म्हणजे कायमचं झालं, हाही भ्रम. शांघायच्या टाळेबंदीत २२ एप्रिल २०२२ रोजी फिरलेली 'एप्रिलचे आवाज' ही ध्वनिचित्रफीत लोकांनी तिथे ठेवली, एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवरची मालकीची नोंद, करूनही ठेवली. पण एखाद्या नोडने, म्हणजे जाळ्यातल्या संगणकाने, मुद्दाम पिन करून (जपायची खूण करून) ठेवलं तरच मजकूर टिकतो, नाहीतर सफाईत जातो. आणि नोड चालवणारा 'माझ्या या आयपीवर हा मजकूर आहे' असं अख्ख्या जाळ्याला सांगत असतो. चीनमधल्या माणसाला नोड चालवायला सांगणं म्हणजे त्याच्या दारावर पाटी लावणं. पिन आपण करायचं.

हे सगळं चीनपुरतंच, असं कुणाला वाटत असेल तर मे २०२३ आठवा: जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन आपल्या सरकारने १४ संदेश-ॲप अडवली, त्यात मेट्रिक्सवर चालणारं एलिमेंट आणि इंटरनेटशिवायही चालणारं ब्रायर होतं. आणि नोव्हेंबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतीयांची झुंड मॅस्टोडॉनवर गेली होती. पुष्कळ जण परतले, कारण ओळखीचं कुणी तिथे नव्हतं. त्यांना परतता आलं, एवढा फरक.

तर विनंती एवढीच. नोंदणीच्या पानावरचं 'सेन्सॉरशिपमुक्त' हे विशेषण काढा आणि त्या जागी साध्या चिनीत, चीनबाहेर राहणाऱ्या कुणा जाणकाराकडून तपासून, हे लिहा: "चिनी कंपनीचा ईमेल वापरू नका. वेइबोवरचं नाव, चित्र किंवा ओळख इथे आणू नका. खासगी संदेश आम्ही वाचू शकतो. तुम्ही पुसलेलं दुसऱ्या सर्व्हरवर राहू शकतं. अनुयायांची यादी लपवायची सेटिंग इथे आहे. आम्ही आयपी इतके दिवस ठेवतो." शेवटच्या वाक्यात आकडा खरा घाला.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सर्व्हर आणि जाळ्यांवर काम करणारे काही मराठी सहकारी